या आज्या कुठून येतात?

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. 'अवर ब्लूज' ही कोरियन मालिका पाहून तू इतकी हललीस हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंस, ती ऑक-डोंग, मुलाशी धड एक वाक्यही न बोलणारी, बाजारात बसणारी म्हातारी, ती जेजू बेटावरचीच कुणी साधी बाई शोधून आणली आहे का? नाही गं. जेजूची आहे ती तिची सोबतीण चुन-ही, म्हणजे तिचं काम करणाऱ्या गो डू-शिम. त्यांचा जन्मच त्या बेटावरचा, बोलीही घरची. ऑक-डोंग झालेल्या किम हे-जा सोलच्या. मालिका आली २०२२ मध्ये, तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या आणि त्यांच्या अभिनयाला साठच्या आसपास वर्षं झाली होती. तुला त्या 'कुणीतरी उचलून आणलेल्या' वाटल्या ना, त्यामागे ही साठ वर्षं आहेत. यावर मला तुझ्याशी कधीपासून बोलायचं होतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

कोरियन मालिकांमधलं म्हातारपण आपल्याला इतकं खरं वाटतं, कारण ते साकारणारी माणसं फार लवकर म्हातारी व्हायला शिकली. १९८० साली एमबीसी वाहिनीवर 'जनवन इल्गी' नावाची मालिका सुरू झाली. एका खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची गोष्ट. ती चालली २००२ च्या अखेरपर्यंत, एक हजारांहून जास्त भाग! किम हे-जा तिच्यात घरातल्या कर्त्या सूनबाई होत्या. मोठमोठ्या मुलांची आई झाल्या तेव्हा स्वतः जेमतेम चाळिशीच्या. पण मला थक्क करतात त्या किम सू-मी. शेजारच्या इल-योंगची म्हातारी आई त्यांनी साकारली, तेव्हा त्या नुकत्या तिशी ओलांडलेल्या होत्या आणि त्यांच्या मुलाचं काम करणारा नट त्यांच्याहून वयाने मोठा होता. कमरेत वाकायचं, आवाज खरखरीत करायचा, आणि हे बावीस वर्षं. खरी म्हातारी होईपर्यंत त्या खोट्या म्हातारीत मुरल्या होत्या. त्या २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या.

किम हे-जांचं पुढे काय झालं तेही ऐक. इतकी वर्षं घराघरात पाहिल्यावर सगळा देश त्यांच्याकडे 'आई' म्हणूनच पाहू लागला होता. दिग्दर्शक बोंग जून-हो यांनी नेमकी तीच आई घेतली आणि २००९ मध्ये त्यांना डोळ्यांसमोर ठेवून 'मदर' हा सिनेमा काढला. खुनाच्या आरोपात अडकलेल्या भोळसट मुलाला सोडवण्यासाठी ही आई कुठवर जाते ते पाहताना अंगावर काटा येतो. तोच मायाळू चेहरा, तेच मऊ बोलणं, आणि आत काहीतरी भयंकर. लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी त्यांना २०१० ची सर्वोत्तम अभिनेत्री ठरवलं. २०१९ मधली त्यांची 'द लाइट इन युअर आइज' तू अजून पाहिली नसशील. त्यात त्या पंचविशीतली मुलगी आहेत, अचानक म्हातारीच्या शरीरात अडकलेली. पुढचं सांगत नाही. पहिले काही भाग हसत पाहा, आणि शेवटचे एकटी असताना.

आवाजाचंही तसंच. ना मुन-ही आणि किम यंग-ओक या दोघींची सुरुवात झाली रेडिओतून, आवाजाच्या कलावंत म्हणून. ना मुन-ही १९६१ मध्ये एमबीसीच्या पहिल्या तुकडीत निवडल्या गेल्या. किम यंग-ओक तर कार्टूनमधल्या लहान मुलांचे आवाज द्यायच्या. (हो, 'स्क्विड गेम'मधल्या त्या जुगारी नायकाची आई, तीच ही!) आता त्यांचा एखादा प्रसंग डोळे मिटून ऐक. भाषा कळत नसली तरी कुठे राग गिळला आणि कुठे हुंदका थांबवला ते ऐकू येतं. ना मुन-हींचा 'आय कॅन स्पीक' हा २०१७ चा सिनेमा आवर्जून बघ. सरकारी कचेरीत तक्रारींचे ढीग नेऊन टाकणारी एक खट्याळ म्हातारी इंग्रजी शिकण्याचा हट्ट धरते. का, तर जपानी सैन्याने युद्धकाळात कोरियन मुलींवर केलेल्या अत्याचारांची साक्ष तिला अमेरिकेच्या संसदेसमोर द्यायची असते. २००७ मध्ये अशी साक्ष प्रत्यक्षात झाली होती. या भूमिकेसाठी वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांना कोरियातल्या 'ब्लू ड्रॅगन' चित्रपट पुरस्कारांचा सर्वोत्तम अभिनेत्रीचा मान मिळाला. नायिका म्हणून, शैला. कुणाची आई म्हणून नाही.

युन यो-जंग यांच्याविषयी तू ऑस्करच्या वेळी वाचलं असशीलच. बातम्यांनी 'मिनारी' सिनेमातली आजी दाखवली. मला त्याआधीची बाई जास्त जवळची वाटते. १९४७ चा जन्म. १९७१ मध्ये स्वतःच्या पहिल्याच सिनेमात, दिग्दर्शक किम की-यंग यांच्या हाताखाली, त्यांनी असं काही काम केलं की पुरस्कार चालून आले. मग लग्न, अमेरिका, दोन मुलगे, आणि कॅमेऱ्यापासून दहाएक वर्षं लांब. १९८४ मध्ये परत आल्या, काही वर्षांत घटस्फोट झाला. त्या काळच्या कोरियात घटस्फोटित बाईने पडद्यावर दिसणंसुद्धा लोकांना खुपायचं, आणि घरात दोन मुलं वाढवायची होती. त्यांनी मिळेल ती भूमिका घेतली, कितीही छोटी असो. हे त्या स्वतः कधी लपवत नाहीत. २०२१ मध्ये ऑस्कर हातात आल्यावर त्यांनी आभार मानले ते या मुलांचे, ज्यांच्यामुळे कामाला बाहेर पडावं लागलं, आणि केव्हाच वारलेल्या किम की-यंग यांचे. अभिनयाचं ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन. माझ्या मते मात्र त्यांचं सगळ्यात धाडसी काम २०१६ च्या 'द बॅकस लेडी'मध्ये आहे. सोलच्या बागांमध्ये एकट्या म्हाताऱ्यांना देह विकून पोट भरणारी वृद्धा! श्रीमंत देशांत म्हातारपणीची गरिबी सर्वाधिक असलेल्यांत कोरिया आहे, आणि त्यांचा चेहरा ते सांगून जातो, एकही भाषण न करता.

आता ज्येष्ठ नट ली सुन-जे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले, एक्याण्णव वर्षांचे होऊन. ती बातमी वाचल्यापासून तुला लिहायचं मनात होतं. जन्म उत्तरेकडच्या होएर्योंगचा, म्हणजे आजच्या उत्तर कोरियातला. सोल विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकले आणि १९५६ मध्ये रंगभूमीवर उभे राहिले. तेव्हा कोरियात दूरदर्शनचं नीट बस्तानही बसलेलं नव्हतं. नव्वदच्या दशकात चार वर्षं खासदारही होते, पण तिथे रमले नाहीत, परत नाटक-मालिकांत आले. 'हो जून'मधले ते कठोर वैद्यगुरू आठवतात? मरताना स्वतःचं शरीर शिष्याला चिरफाड करून शिकण्यासाठी देऊन जातात. ती मालिका एकेका रात्री साठ टक्क्यांहून जास्त घरांत चालू असायची. २०२१ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी 'किंग लिअर' केला, तीन तासांहून मोठा प्रयोग. एवढं पाठांतर! आपण दोघी तालमीत चार पानांच्या उताऱ्याला घाबरायचो, म्हणून तुला त्याची किंमत कळेल.

जानेवारी २०२५ मध्ये केबीएस वाहिनीने त्यांना मालिकांसाठीचा वर्षाचा सर्वोच्च सन्मान दिला, आतापर्यंतचे सगळ्यात वयस्कर मानकरी म्हणून. हातातल्या सन्मानचिन्हाबद्दल ते फारसं बोललेच नाहीत. विद्यापीठात ज्या मुलांना ते अभिनय शिकवायचे, त्यांची त्यांनी माफी मागितली. चित्रीकरण दूर गोजे बेटावर असल्याने शिकवण्यात कमतरता राहिली, आणि मुलांनी मात्र काळजी करू नका असं सांगितलं, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. नव्वदीच्या माणसाला तास बुडाल्याचं वाईट वाटतंय! मला या एका गोष्टीत त्यांचा सगळा स्वभाव दिसतो.

त्यांचे सोबती शिन गू पेसमेकर बसवून झाल्यावर 'गोदोच्या प्रतीक्षेत' या नाटकात उभे राहिले, सोबतीला पार्क गन-ह्यंग. दोघेही ऐंशीच्या पुढचे, आणि तिकिटं भराभर संपत होती.

आता काय पाहायचं ते सांगते. आधी 'डिअर माय फ्रेंड्स', २०१६ ची. नो ही-क्यंग यांनी लिहिलेली. 'अवर ब्लूज'ही त्यांचीच. किम हे-जा, ना मुन-ही, युन यो-जंग, गो डू-शिम, किम यंग-ओक आणि शिन गू एकाच कथेत आहेत. ना मुन-ही नवऱ्याच्या कंजूषपणाला कंटाळून उतारवयात घर सोडतात आणि एकट्या राहू लागतात. ते भाग मी फार मन लावून पाहिले. किम हे-जा आणि त्या एकमेकींशी भांडतात ते पाहशील तेव्हा मला लगेच फोन कर, रात्री कितीही वाजले असले तरी.

काकांची तब्येत कशी आहे ते कळव. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
वंदना