शिसं कुठे लावायचं

दांडिया बाजार, बडोदे

चि. ऋता हिस अनेक आशीर्वाद.

कोइमतूरहून आलेला तुझा मेसेज वाचला. तुझी कार्ट, म्हणजे शर्यतीची ती छोटी उघडी गाडी, वळणात पुढून घसरते आणि मेकॅनिक म्हणतो, मुलीच्या दंडात जोर कमी पडतो. दंडाचा इथे काही संबंध नाही. कार्टला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर एकाच वेगाने फिरतात. म्हणून वळताना आतलं मागचं चाक जरासं उचललं जायला हवं. नाही उचललं तर दोन्ही चाकं मिळून कार्टला सरळ ढकलतात, आणि तू स्टिअरिंग जितकं जास्त वळवशील तितके पुढचे टायर नुसते घासतात. तू हलकी आहेस, बाहेरच्या बाजूला पुरेसं वजन जात नाही, म्हणून ते चाक जमीन सोडत नाही.

पण याच हलकेपणाचा तुला फायदा आहे. जाड्या पोराचं वजन त्याच्या पोटावर, ते तो कुठे हलवणार? तुझं शिशाचं आहे, किमान वजन भरायला कार्टला लावलेलं, ते हवं तिथे हलवता येतं. समजा तुझ्या गटाचं कार्ट आणि चालक मिळून किमान वजन १६० किलो, कार्ट ८०, तू हेल्मेट-सूटसकट ५४. म्हणजे २६ किलो शिसं. फोटोत ते सगळं सीटच्या बुडाशी दिसतंय. त्यातलं ६-७ किलो सीटच्या पाठीवर वर चढव. तेवढ्याने भागलं नाही तरच कास्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या आसाचा मागे झुकलेला कोन) वाढव, कारण कास्टर वाढला की स्टिअरिंग जड होतं. त्यानंतर पुढची चाकं दोन्हीकडे ५ मिमी बाहेर काढ. एका वेळी एकच बदल आणि निदान पाच फेऱ्या, नाहीतर कशाने काय झालं ते कळायचं नाही. वळणात कार्ट उड्या मारायला लागली तर शिसं फार वर गेलंय, एक भोक खाली घे.

शिशाच्या प्रत्येक पट्टीला किमान दोन बोल्ट, तेही ८ मिमीचे. वॉशर मोठा घे. सीट फायबरची असते, लहान वॉशर लावला की भोकाभोवती चांदणीसारख्या चिरा पडतात आणि एक दिवस पट्टी ट्रॅकवर पडते. नायलॉक नट एकदा उघडला की त्यातलं नायलॉन सैल होतं, दर वेळी नवा लाव.

वजन शर्यत संपल्यावर करतात हे विसरू नकोस. दोन लिटर पेट्रोल जळलं की दीड किलो गेलं, त्यात घाम. किमान वजनापेक्षा दोन-अडीच किलो जास्तच धर. अर्ध्या किलोसाठी बाद झालेल्यांना कुणी सहानुभूती दाखवत नाही.

दंडाचा जोर लागतो तो पुढे. फॉर्म्युला १ च्या खालच्या पायऱ्या, फॉर्म्युला ३ आणि २, त्यांच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नसतं, त्यामुळे खांदे, पकड आणि मान आत्तापासून तयार कर. मानेला रबरी पट्टा लावून चारही बाजूंना अर्धा-अर्धा मिनिट ताण, रोज तीनदा. मान हळूहळूच तयार होते, घाई केलीस तर आखडेल.

आणि पैसा. डब्ल्यू सीरिज या फक्त मुलींच्या शर्यतमालिकेत फुकट गाडी मिळायची, तरी २०२२ मध्ये पैसे संपले आणि शेवटच्या तीन शर्यती रद्द झाल्या. जेमी चॅडविकने तिथली तिन्ही विजेतेपदं घेतली, पण फॉर्म्युला १ चं दार उघडलं नाही. ती अमेरिकेत इंडी एनएक्सटी या इंडीकारच्या खालच्या मालिकेत गेली आणि २०२४ मध्ये रोड अमेरिका ट्रॅकवर शर्यत जिंकली. २०२३ पासून एफ१ अकॅडमी ही शर्यतमालिका आहे, तीही मुलींसाठीच. आपल्या बडोद्याची मीरा एर्डाही कार्टपासूनच सुरुवात करून फॉर्म्युला गाड्यांपर्यंत पोचली. स्पॉन्सरसमोर जाशील तेव्हा लॅप टाइमची वही बरोबर ने, नुसते ट्रॉफीचे फोटो नकोत.

मकरपुऱ्यातून ओतून घेतलेल्या दोन-दोन किलोच्या चार पट्ट्या आज कुरिअर केल्या. डब्यात लिला चिवडा आहे, तो वजनकाट्यावरून उतरल्यावर खा.

तुझी,
आई