०.१ च्या फरकाने 'अव्वल स्थान' जात नाही

महोदय,

मालिकांची साप्ताहिक टीआरपी यादी हाती आली की '४.२ वरून ४.१, अव्वल स्थान हुकले' अशी बातमी ठरलेली. तो आकडा नेमका कशाचा, हे मात्र बातमीत कुठेच नसते.

देशात ही मोजणी 'बार्क' (ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल) ही संस्था करते. संस्था २०१० मध्ये स्थापन झाली आणि तिचे आकडे २०१५ पासून येऊ लागले. निवडलेल्या घरांत टीव्हीला मीटर जोडतात. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते. मीटर ती ओळखून कोणती वाहिनी चालू आहे ते नोंदवतो. समोर कोण बसले आहे, हे त्याला आपोआप कळत नाही. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर वेगळे बटण दिलेले असते: बसताना दाबायचे, उठताना पुन्हा दाबायचे. गडबड होते ती इथे. आजोबा झोपायला गेले आणि बटण तसेच राहिले, तर उरलेला भागही त्यांच्या नावावर चढतो. नातवाने बटण दाबलेच नाही, तर समोर बसूनही तो प्रेक्षक ठरत नाही. मोबाइलवर ॲपमध्ये पाहिलेला भाग तर या आकड्यात येतच नाही.

टीआरपी म्हणजे 'किती जणांनी पाहिले', असे सर्रास समजतात. पण किती वेळ पाहिले, हेही त्यात धरलेले असते. दहा माणसे आणि ३० मिनिटांचा भाग घ्या, म्हणजे एकूण ३०० मिनिटे. दोघांनी पूर्ण भाग पाहिला, तिसऱ्याने १५ मिनिटे. झाली ७५ मिनिटे, म्हणजे ३०० च्या २५ टक्के; रेटिंग २५. दुसऱ्या मालिकेत दहापैकी नऊ जण डोकावले, पण पाच-पाच मिनिटांत पुढे सरकले. ४५ मिनिटे, रेटिंग १५. प्रेक्षक तिप्पट आले तरी ही मालिका मागे पडली. दाराची बेल वाजल्यावर सगळ्यांचे चेहरे एकेक करून का दाखवतात आणि दार ब्रेकनंतरच का उघडते, याचे उत्तर या भागाकारात आहे.

आता त्या ०.१ बद्दल. २०२० च्या सुमारास देशात मीटरची घरे ४४ हजार होती आणि टीव्ही असलेली घरे सुमारे २१ कोटी. एवढ्यावरून मोजणीला नावे ठेवण्याचे कारण नाही. नीट निवडलेला लहान नमुना पुरतो. पण देशाला पुरणारा नमुना बाजारपेठ (राज्य किंवा प्रदेश), शहर-गाव, वय, आर्थिक गट असा चिरत नेला की हाती थोडी माणसे उरतात. समजा, एका गटात ३,००० माणसे आहेत आणि मालिकेचे रेटिंग ४ आले. ढोबळ हिशेबाने खरा आकडा ३.३ ते ४.७ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. गट १,००० चा असेल, तर २.८ ते ५.२. चार आठवड्यांची सरासरी काढली म्हणून चूक निम्मी होते असेही नाही, कारण घरे बहुतेक तीच असतात. उलट, त्याच घरांत आकडा सलग सहा-सात आठवडे उतरत असेल, तर ती घसरण खरी मानायला हरकत नाही. म्हणजे बातमी करायचीच, तर उताराची करावी.

नमुना लहान असला की गैरप्रकारही स्वस्त पडतो. एखाद्या बाजारपेठेत मीटरची २,००० घरे असतील, तर पैसे देऊन २० घरे वळवली की सरळ एक टक्का हाती येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये फेरफाराचे आरोप झाल्यावर वृत्तवाहिन्यांचे रेटिंग थांबवले गेले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. घरांची ओळख गुप्त ठेवतात ती याचसाठी.

मग मालिका बंद कशावरून होते? वाहिनी मालिकेची तुलना तिच्याच वेळेशी करते: त्या स्लॉटला आधीची मालिका किती मिळवत होती, समोरच्या वाहिनीवर काय आहे, साडेआठच्या मालिकेला आठची मालिका किती प्रेक्षक टिकवून देते. रात्री आठला ३.५ मिळवणारी मालिका जाऊ शकते आणि साडेदहाला २ मिळवणारी आरामात चालू शकते.

त्यामागे जाहिरातीचा हिशेब आहे. जाहिरातदाराला एकूण ४०० रेटिंग पॉइंट (जाहिरात लागली त्या प्रत्येक वेळच्या रेटिंगची बेरीज) हवे असतील, तर ४ च्या मालिकेत १०० वेळा जाहिरात लावून भागते. रेटिंग २ वर आले की त्यासाठी २०० वेळा लावावी लागते. जादा वेळ आणायचा कुठून? नियमाने तासाला १२ मिनिटेच, त्यातली २ वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीची. मग दर पाडावा लागतो. रोजच्या चित्रीकरणाचा खर्च मात्र उतरत नाही. शिवाय ते पॉइंट कोणाचे, हेही पाहतात. आर्थिक गट ठरतो तो कुटुंबातल्या मुख्य कमावत्याचे शिक्षण आणि ११ ठरावीक वस्तूंपैकी घरात किती आहेत यावरून. एकूण आकडा चांगला, पण जाहिरातदाराला हवा तो गट नाही, अशीही मालिका अडचणीत येते.

बंद करण्याआधी बहुधा वेळ बदलली जाते. उशिराच्या वेळेला मुळात कमी टीव्ही चालू असतात, त्यामुळे रेटिंग पडणारच. मग तेच पडलेले रेटिंग कारण म्हणून दाखवतात. ही पद्धत मालिकेवर अन्याय करणारी आहे.

यादी छापू नये, असे म्हणणे नाही. प्रत्येक आकड्यासोबत बाजारपेठ, वयोगट, प्रक्षेपणाची वेळ आणि त्याच स्लॉटचा आधीच्या चार आठवड्यांचा आकडा द्यावा. आणि फरक ०.३ च्या आत असेल, तिथे क्रमांक न देता दोन्ही मालिका बरोबरीत दाखवाव्यात.

– एक वाचक