निकालाची ओळ छापता, तशी यादीही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात मी गेली २६ वर्षं ग्रंथपाल आहे. आपल्या अंकाची प्रत रोज सकाळी साडेसातला आमच्या दारात पडते आणि दहा वाजेपर्यंत तिची पानं पाच जणांत वाटली गेलेली असतात. राशिभविष्याचं पान कोणाकडे असेल, हे मी न बघता सांगू शकते. या पत्रात तक्रार थोडी आहे, मागणी जास्त आहे. लांबलं तर कात्री लावा, पण शेवटचा परिच्छेद राहू द्या.

साहित्य अकादमीचे पुरस्कार बहुधा डिसेंबरात जाहीर होतात. २४ भाषांची बातमी असते, तिच्यात मराठीच्या वाट्याला लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, एक लाख रुपये आणि ताम्रपट एवढं येतं. जमलं तर छोटा फोटो. दुसऱ्या दिवशी सत्काराची बातमी, तिसऱ्या दिवशी काही नाही. विजेत्याच्या जवळपास आणखी कोणती पुस्तकं होती, हे आमच्या वाचकाला कळतच नाही. आणि पुस्तकं तर असतातच. आधी मोठी यादी होते, ती चाळून लहान होते, मग तीन परीक्षक बसतात. म्हणजे कोणीतरी आमच्यासाठी पाच वर्षांचं पीक पाखडून ठेवलेलं असतं आणि आमच्या पदरात त्यातला एकच दाणा पडतो.

२० डिसेंबर २०२३ला कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीला अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला. लेखक आमच्याच जिल्ह्यातले, त्यामुळे दोन दिवसांत सात जणांनी पुस्तक मागितलं. आमच्याकडे एकच प्रत होती आणि ती कपाटात मागच्या रांगेत गेलेली. धूळ झटकून मागचं पान उघडलं, तर तारखेच्या चिठ्ठीवर चार शिक्के. चार! पुस्तक घेऊन ठेवलं होतं, हे माझ्या बाजूने सांगते. चारच जणांनी नेलं, हे आमच्या गावाच्या बाजूने.

पाचवा शिक्का पडला तो धरणग्रस्तांच्या वसाहतीतल्या एका आबांचा. ते एरवी फक्त पेपर वाचायला येतात. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की, धरणात गाव गेलेल्या माणसाची आणि मागे राहिलेल्या म्हशीची गोष्ट आहे. काउंटरवर येऊन म्हणाले, ‘‘बाई, ते म्हशीचं पुस्तक द्या.’’ सभासद नव्हते. अनामत मी भरली, पावती त्यांच्या नावाने फाडली. सात दिवसांचं पुस्तक त्यांनी तेवीस दिवसांनी आणलं. दंडाचे सुटे पैसे मुठीत धरूनच आले होते. कसं वाटलं विचारलं तर म्हणाले, ‘‘म्हस आणली असती ओ मागनं. आमचं जातं ऱ्हायलं बघा. चांगलं काळ्या दगडाचं. आता पाण्याखाली हाय.’’ दंड मी घेतला नाही. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी हे वाचलं, तर सोळा रुपये माझ्या पगारातून वळते करून घ्यावेत.

त्यानंतर त्यांनी विचारलं, ‘‘असलं आनि काय हाय?’’

याच प्रश्नाला मी अडते. त्या वर्षी परीक्षकांसमोर आणखी कोणती पुस्तकं होती, हे मला माहीत असतं तर निदान दोन-तीन नावं त्यांच्यापुढे ठेवली असती. मी त्यांना आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ दिला. २०१६चा मराठीचा पुरस्कार त्याला मिळाला होता, म्हणून नाव ध्यानात होतं. म्हणजे मीसुद्धा निकालाच्याच ओळीवर जगते.

आता दुसरं उदाहरण. इंग्रजीत अनुवाद झालेल्या पुस्तकांसाठीचं २०२५चं आंतरराष्ट्रीय बुकर बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला, म्हणजे त्यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला मिळालं, हे सगळ्यांनी छापलं आणि चांगलं मोठं छापलं. पण तो पुरस्कार एका दिवसाचा नसतो. २५ फेब्रुवारीला तेरा पुस्तकांची यादी आली, ८ एप्रिलला सहांची, आणि २० मेला लंडनमध्ये निकाल. जवळजवळ बारा आठवडे लोकांना पुस्तकांबद्दल बोलायला निमित्त. माझ्या भाचीने पुण्याहून ती सहांची यादी व्हॉट्सॲपवर पाठवली आणि मी ती मराठीत लिहून फलकावर लावली : डॅनिश एक, फ्रेंच दोन, जपानी एक, इटालियन एक आणि कन्नड एक. आमचे खजिनदार म्हणाले, ‘‘यातलं एक तरी आपल्याकडे येणार आहे का?’’ नव्हतंच येणार. पण फलकासमोर माणसं थांबली. नोटीस वाचायला आमच्याकडे कोणी थांबत नाही, वर्गणी वाढली तरी थांबत नाही.

आमच्या तालुक्याच्या पूर्व भागात घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी कितीतरी घरं आहेत. त्यातल्या एक एसटीतल्या वाहक बाई आमच्या सभासद आहेत, भयकथांच्या शौकीन. ‘हार्ट लॅम्प’ या शीर्षककथेचं मूळ कन्नड नाव मी ‘एदेय हणते’ असं लिहिलं होतं. ते वाचून त्या हसल्या. ‘‘हणते म्हंजे पणती ओ मॅडम. एदे म्हंजे छाती, काळीज.’’ काळजातली पणती! सहा आठवडे त्या रोज ड्युटी संपल्यावर विचारत होत्या, ‘‘आपलं काय झालं?’’ आपलं, हा शब्द लक्षात घ्या. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढे आणले. नुसता निकाल कळला असता, तर पेढे आले नसते.

आणि मराठीचं? भारतीय लेखकांच्या कादंबऱ्यांसाठीच्या जेसीबी पुरस्काराच्या २०२४च्या अंतिम पाच पुस्तकांत शरणकुमार लिंबाळे यांची ‘सनातन’ होती, पारोमिता सेनगुप्ता यांच्या इंग्रजी अनुवादात. पुरस्कार उपमन्यु चटर्जी यांच्या कादंबरीला गेला. भारतातल्या इतक्या भाषांमधून आणि थेट इंग्रजीतून आलेल्या पुस्तकांत मराठी कादंबरी शेवटच्या पाचांत पोचली, ही बातमी मला चार महिन्यांनी कळली, तीही एका कॉलेजच्या पोराकडून. ‘सनातन’ आमच्याकडे होती, तिला २०२०चा सरस्वती सन्मान मिळाला तेव्हा घेतलेली. वेळेत कळलं असतं तर कपाटातून काढून काउंटरवर उभी केली असती. पुस्तक काउंटरवर उभं केलं की जातं, एवढं मला २६ वर्षांत कळलं आहे. बाकीचं ग्रंथालयशास्त्र परीक्षेपुरतं.

याच निमित्ताने माझी एक चूक कबूल करते. आंतरराष्ट्रीय बुकरचे ५० हजार पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात; ‘हार्ट लॅम्प’च्या अनुवादक दीपा भास्ती यांना बानू मुश्ताक यांच्याइतकेच मिळाले. हे वाचल्यावर मी आमची दाखल नोंदवही उघडली. तिच्यात ‘लेखक’ असा एकच रकाना आहे. २६ वर्षांत आलेल्या शेकडो अनुवादित पुस्तकांपुढे मी अनुवादकाचं नाव लिहिलेलंच नाही. जणू बंगाली आणि रशियन लेखक थेट मराठीतच लिहीत होते. गेल्या उन्हाळ्यापासून दुपारच्या वेळी लाल शाईने ती नावं भरते आहे. ‘क’पर्यंत आले आहे.

यादीविरुद्ध एक मुद्दा आमच्या कार्यकारिणीत निघाला होता, तो सांगते. एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, यादीत नाव येऊन पुरस्कार हुकला तर त्या लेखकाची चारचौघांत शोभा होते. त्यापेक्षा झाकलेलं बरं. मी म्हटलं, दादा, तुम्ही कोल्हापूरच्या खासबागेत कुस्त्या बघत मोठे झालात. मैदानाच्या पत्रकावर फक्त जिंकणाऱ्याचं नाव छापतात का? सगळ्या जोडांची नावं असतात, आणि चितपट झालेल्याला पुढच्या मैदानाचं बोलावणं येतं. ते हसले. ठराव मात्र झाला नाही.

पुरस्कार नाकारला, तरी बातमीने पुस्तक हलतं, हेही पाहिलं आहे. २०२०च्या अकादमी पुरस्कारासाठी नंदा खरे यांच्या ‘उद्या’ या कादंबरीचं नाव जाहीर झालं २०२१च्या मार्चमध्ये आणि त्यांनी तो घेतला नाही. ‘नाकारलंय ते पुस्तक’ म्हणून चार जणांनी मागितलं. पहिल्याने नेलं आणि लगेच टाळेबंदी लागली. पुस्तक जुलैत परत आलं, मधल्या काळात त्याच्या घरातल्या तिघांनी वाचून.

आता व्यवहाराचं. अकादमीच्या नियमाने पुस्तक पुरस्काराच्या वेळी जुनं झालेलं असतं. २०२४च्या पुरस्कारासाठी २०१८ ते २०२२ या काळात पहिल्यांदा प्रकाशित झालेली पुस्तकं धरली होती. त्यामुळे निकालानंतर आम्ही मागणी नोंदवतो, तेव्हा विक्रेता म्हणतो आवृत्ती संपली, नवी येईल. ती येईपर्यंत मार्च उजाडतो आणि मार्चअखेर अनुदानाचा हिशेब बंद करायचा असतो. मग त्या पैशांतून काय येतं? विक्रेत्याकडे गठ्ठ्याने पडलेलं, जास्त सवलतीचं. यशाचे सात मंत्र, पाककृती, एकाच थोर पुरुषाची पाच चरित्रं. विक्रेत्याला मी दोष देत नाही, त्यालाही गोदाम रिकामं करायचं असतं. पण माझ्या हातात विजेत्याबरोबर आणखी पाच-सात चांगली नावं असतील, तर एक नाही मिळालं तरी दुसरं घेता येईल.

आणि ही नावं आता पुण्यामुंबईपुरती राहिलेली नाहीत. अकादमीच्या अलीकडच्या मराठी विजेत्यांत परभणीचे लोमटे, छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) अनुराधा पाटील, कोल्हापूरचे किरण गुरव, सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर आहेत. विजेते जर इतक्या लांबून येत असतील, तर त्यांच्या मागच्या रांगेत कोणकोणत्या गावचे लोक असतील, याची मला फार उत्सुकता आहे.

तेव्हा विनंती अशी. पुरस्काराच्या बातमीखाली एक चौकट द्या. विचारात घेतलेली मराठी पुस्तकं, लेखक, अनुवाद असल्यास अनुवादक, प्रकाशक, पानं आणि किंमत. परीक्षणं नकोत, जागा लागते हे मला कळतं. राशिभविष्याला हात लावायची माझी हिंमत नाही, पण त्याच्या शेजारी चालेल. आमच्या ग्रंथनिवड समितीची सभा दर जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी असते. त्याआधी छापून आलं तर बरं, आणि शक्यतो कागदाच्या एकाच बाजूला, म्हणजे कापून फलकावर लावता येईल.

आपली,
एक ग्रंथपाल, ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर