नात्याच्या रकान्यात ‘निरंक’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एक बालविवाह रोखल्याची बातमी होती. वाचून बरे वाटले. ज्याने कोणी १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकाला फोन केला, त्याने गावाशी वैर पत्करले असणार. पण त्या बातमीत गावाचे नाव आहे, मुलगी कितवीत शिकते ते आहे, बापाचे दुकान कुठल्या फाट्यावर आहे तेही आहे. नाव तेवढे ‘बदललेले’. अहो, त्या गावात त्या इयत्तेत पोरी असतील किती? अशा मुलीची ओळख पटेल असे काही छापू नये असा कायदा आहे, हे माझ्यासारख्या भाकरीवालीला ठाऊक आहे.

दुसरे म्हणजे, बातमी सुटकेपाशी संपली. त्या रात्री पोरगी झोपली कुठे, ते कळले नाही.

मी सोलापूरच्या पूर्वभागात कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकते. दुकान म्हणजे वाड्यातली रस्त्याकडची खोली. शाळा सातवीपर्यंत. हे पत्र मी सांगितले आणि शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीने लिहून घेतले. कायद्याचे आकडे तिचे, मते माझी.

दोन वर्षांपूर्वीची भोगी. होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलेली, आणि माझ्याकडे तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीची झुंबड. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणत नोकरीवाल्या बायका आदल्या दिवशीच आकडा सांगून जातात. नेमकी त्या दिवशी माझी थापणारी बाई आली नाही. सकाळी नऊ-दहाला एक पोरगी दारात येऊन उभी राहिली. साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट. उसाच्या फडातल्या बायका असा घालतात, पाचट हात चिरते म्हणून. दहा रुपये पुढे केले, एक भाकरी घेतली, पायरीवर बसून नुसती कोरडी खाल्ली. हात धुतले आणि म्हणाली, “मावशी, मी थापू का?”

थापल्या तिने, दुपारी दोनपर्यंत. माझ्या भाकऱ्या पातळ असतात, तिच्या गावाकडच्या, परातीएवढ्या आणि जाड. दोन गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. मला तेव्हा कुरकुर ऐकायलाही वेळ नव्हता.

शर्ट मात्र काढेना. चुलीपुढे घामाने निथळत होती तरी काढेना. संध्याकाळी समोरच्या खोलीतल्या अव्वाने तिच्याकडे एकदाच पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “पाच महिने.” वय विचारले तर पोरगी म्हणे एकोणीस. आधार कार्ड पिशवीत घडी करून ठेवले होते, त्यावरून सतरा आणि वर दोन महिने.

ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. म्हणून पोरगा कामाला आला की कारखाने पेटायच्या आत त्याचे लग्न उरकतात. मग पोरगी म्हणजे काय, तर अर्धा कोयता. ही तशीच सोळाव्या वर्षी उरकलेली. मोळी डोक्यावर घेताना चक्कर येऊन पडली, दिवसाचा खाडा झाला, आणि खाड्याचे पैसे नवऱ्याने तिच्या पाठीवरून वसूल केले. पहाटे फडातून निघाली आणि अर्ध्या तिकिटात एसटीने सोलापूरला आली. स्टँडवर कुणाचा तरी मोबाइल मागून आईला फोन केला. आई म्हणाली, “नांदायला दिलंय तुला.” फोन तेवढ्यावर संपला.

सरकारच्या २०१९–२१च्या पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांची लग्ने अठराच्या आत झालेली निघाली, आणि आपल्या जिल्ह्यात तर चाळीसच्या घरात. त्यामुळे माझ्या पायरीवर एक आली याचे मला नवल नाही. बाकीच्या कुणाच्या पायरीवर बसतात?

आमचा वाडा तसा भांडकुदळ. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, त्या सकाळी एकमेकींची सात पिढ्यांची उजळणी होते. अव्वा पद्मशाली, सत्तरीला आलेली, अजून रोज सात-आठशे विड्या वळते. मागच्या खोलीत आपा, गणवेशाच्या कारखान्यात शिलाईवर. आपाची मुलगी, म्हणजे हे पत्र लिहिणारी, तेव्हा बारावीत. या सगळ्यांत मी. पोरगी पहिल्या रात्री माझ्याकडे झोपली, आणि ‘उद्या बघू’ म्हणता म्हणता कुणीच बघितले नाही.

अव्वाचे एक सांगते. ती विड्यांचे सूप मांडीवर घेऊन दारातच बसायची, गेली चाळीस वर्षे. पोरगी आल्यापासून सूप उचलून मागच्या बोळात गेली. तंबाखूची धूळ पोटातल्या बाळाला बाधते. पोरगी मदतीला म्हणून पाने कातरायला गेली की अव्वा तेलुगूत ओरडायची, “वद्दु! वद्दु!”, म्हणजे नको, नको. मी विचारले तेव्हा एवढेच म्हणाली की, स्वतःच्या पहिल्या वेळी ती कळा येईपर्यंत हजार विड्यांचा हिशेब पुरा करत बसली होती. पुढे काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही.

आपाने कारखान्यातली कापडाची कातरणे आणून झबली-लंगोट शिवले. कुठल्याशा शाळेच्या निळ्या चौकड्याचे. बाळ जन्माआधीच शाळेच्या गणवेशात, म्हणून वाडाभर हशा.

पण ती पोरगी खरी हसायला लागली ती आपाच्या मुलीमुळे. दोघी एका वयाच्या. एकीची बोर्डाची परीक्षा, दुसरीचा सातवा महिना. एका चादरीत पाय घालून बसायच्या, ही फिजिक्स मोठ्याने पाठ करायची आणि ती मध्येच विचारायची, “प्रकाशाला वजन नसतं का गं?” क्लिपवरून भांडायच्या, दोन दिवस अबोला धरायच्या. एकदा अंगणात लहान पोरांचा लंगडीचा डाव चालला होता, तर ही पोट सांभाळत डावात शिरली! आम्ही तिघी एकदम किंचाळलो. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की, हिला आई व्हायच्या आधी खेळायचे राहून गेले आहे.

आता जे मला जड गेले ते. आशाताईने रक्त तपासायला नेले. हिमोग्लोबिन ७.८ निघाले, गरोदर बाईला निदान ११ तरी हवे. गोळ्या सुरू झाल्या. पण ताई म्हणाली, “वय अठराच्या आत आहे, पोलिसांना कळवावंच लागतं.” मी तिच्याशी भांडले. म्हटले, पोरगी पळून जाईल, आणि मग तुझ्या रजिस्टरला लोहाच्या गोळ्या घाल. ताईने शांतपणे सांगितले की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या पोक्सो कायद्यात माहिती असून न कळवणे हाच गुन्हा आहे, आणि लग्न झालेले असले तरी फरक पडत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २०१७चा निकाल आहे. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. चूक माझी होती. लपवून ठेवली असती तर उद्या नवरा दारात आला असता तेव्हा माझ्या हातात लाटण्याशिवाय काही नसते.

जबाब घ्यायला आलेल्या महिला फौजदार साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आल्या. मुलांसमोर गणवेशात जाऊ नये असा नियमच आहे म्हणे. माझ्या पिठाच्या डब्यावर बसून त्यांनी सगळे लिहून घेतले. पोरीने शेवटी त्यांना एकच विचारले, “मला उसाला परत धाडणार का?” बाई म्हणाल्या, “नाही.” लेखणी थांबवून म्हणाल्या, हे मी मुद्दाम लिहिते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही तिला एकटीला आत घेऊन विचारले होते. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीसाठी २४ आठवड्यांपर्यंत वाट आहे, हे मला तेव्हा कळले. तिने काय ठरवले ते तिचे. खटला चालू आहे, त्याबद्दल लिहीत नाही.

मग बालकल्याण समिती. मला वाटले, आता हिला संस्थेत नेणार. समितीने घर पाहिले, वाड्यात चौकशी केली आणि पोरीला विचारले. २०१५च्या बाल न्याय कायद्यात ‘योग्य व्यक्ती’ असा शब्द आहे. नात्याची नसली तरी सांभाळायला योग्य ठरलेली व्यक्ती. तशी चिठ्ठी माझ्या नावाने निघाली. साठ वर्षांत मला योग्य म्हणणारा पहिला कागद तो.

आणि एवढे सगळे रीतसर असताना मे महिन्यातल्या त्या रात्री काय झाले ते ऐका. पारा ४३वर गेलेला, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या. अकराला कळा सुरू झाल्या, आठवा नुकताच सरलेला. १०८ची रुग्णवाहिका वेळेवर आली. एका दवाखान्याच्या खिडकीवर (नाव घेत नाही) कारकुनाने फॉर्म पुढे केला. ‘जवळच्या नातेवाइकाची सही’. मी सही करू लागले. “तुम्ही कोण?” म्हटले, मी सांभाळते. “नातं काय?” नाते काही नाही म्हटले. त्याने नात्याच्या रकान्यात लिहिले ‘निरंक’, आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला: “नातेवाईक घेऊन या.” समितीचा कागद घरी पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत. आपाची मुलगी रिक्षाने पळाली. तोवर अव्वा खिडकीशी तेलुगूत जे काही बोलली त्याचे भाषांतर आपल्या वर्तमानपत्रात छापण्यासारखे नाही. पंचवीस मिनिटे पोरगी बाकावर आडवी होती. शेवटी एक शिकाऊ डॉक्टर, तीही पंचविशीची असेल, बाहेर आली, म्हणाली, “सहीचं मी बघते, आत घ्या.”

मुलगी झाली. दोन किलो शंभर ग्रॅम. अशा बाळाला कातडीला कातडी लावून छातीशी धरून ठेवायचे असते. आई दमली की दुसऱ्या कुणी. आम्ही तिघींनी पाळ्या लावल्या. ‘फक्त नातेवाईक’ या पाटीखाली खुर्ची टाकून अव्वा पहाटेपर्यंत बाळ धरून बसायची, आणि कुठल्याच सिस्टरने तिला नाते विचारले नाही. पाळीला माणूस हवा होता ना.

पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेतून ५००० रुपये मिळतात. तिला मिळाले नाहीत, वयाची अट आहे. अट का आहे ते मला समजते. पण दंड झाला तो बाळाच्या दुधाला, लग्न लावणाऱ्याला नव्हे.

माझी मागणी लहान आहे. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘नातेवाईक’ लिहिले आहे तिथे ‘किंवा सांभाळ करणारी व्यक्ती’ एवढे चार शब्द छापावेत, आणि खिडकीवर बसणाऱ्यांना समितीचा आदेश म्हणजे काय ते एकदा दाखवावे. कायद्यात जो शब्द आहे तो खिडकीपर्यंत पोचायला इतकी वर्षे का लागावीत? आणि आपल्या वार्ताहरांनी पुढच्या बातमीत गावाचे नाव गाळून ती जागा, मुलगी आता कुणाजवळ आहे, तिला काय लागते आहे, यासाठी वापरावी.

पोरगी आता एकोणीस पूर्ण. यंदा दहावीला १७ नंबरचा अर्ज भरून, म्हणजे बाहेरून, बसते आहे. बालपणी लागलेले लग्न रद्द करून घ्यायला २००६च्या कायद्याने वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत मुदत आहे, म्हणजे तिच्या हातात अजून काही महिने आहेत. काय करायचे हे तिने मला अजून सांगितलेले नाही, आणि रोज विचारायची माझी सवय आपाच्या मुलीने दटावून मोडली आहे.

हे पत्र पाठवण्याआधी तिला वाचून दाखवले. तिच्या गावाचा तालुका होता तो तिने खोडायला लावला. आईच्या फोनची ओळ ठेवू का, असे विचारले तर बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, राहू दे. पण भाकरी जाड होती हे साफ खोटे आहे, असे तिचे म्हणणे आहे, आणि तेही छापावे असा आग्रह आहे.

आपली,
एक भाकरीवाली, पूर्वभाग, सोलापूर
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे. छापू नये.)