घड्याळ कुणाच्या खिशात? परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

अ‍ॅपवरच्या टॅक्सी हा नवा प्रश्न आहे, असे सगळेच म्हणतात. तंत्र नवे आहे हे खरे. भाडे कसे आणि कुणी मोजायचे हे भांडण मात्र दोनशे वर्षे जुने आहे आणि बंदरांच्या शहरांत ते पुरते लढून झाले आहे. भाड्याच्या वाहनांचे जुने कायदे वाचणारे आम्ही काहीजण त्यातली थोडी कलमे आपल्यापुढे ठेवत आहोत.

१८२७ साली कलकत्त्यात भाड्याच्या पालख्यांसाठी नियम निघाले. भोयांनी पोलिसांत नाव नोंदवायचे, नंबराचा पितळी बिल्ला लावायचा, आणि भाडे वेळेच्या हिशेबाने घ्यायचे. भोई बहुतेक ओडिशाचे. त्यांनी पालख्या खाली ठेवल्या आणि साहेबलोकांना पायी चालायची वेळ आली. बिल्ल्याने जात जाईल ही त्यांची तक्रार पुढे सगळ्यांच्या लक्षात राहिली. आमच्या मते खरी मेख वेळेच्या भाड्यात होती. घड्याळ पालखीत बसणाऱ्याच्या खिशात. ज्याच्या खांद्यावर दांडी, त्याने किती वेळ झाला हे मालकालाच विचारायचे. संप फार टिकला नाही. बिहारचे रवानी भोई आले, कुणी पालखीला चाके लावून घोडा जुंपला.

मुंबईने १८६३ मध्ये स्वतःचा कायदा केला. कापसाच्या तेजीचे दिवस होते, रस्त्यावर शिग्राम, बग्ग्या, रेकले यांची गर्दी. पुढे १९२० चा कायदा येईपर्यंत तोच चालला. पण नियम बांधावेत कसे हे पाहायचे असेल तर १८७९ चा हॅकनी-कॅरेज, म्हणजे भाड्याच्या घोडागाड्यांचा, कायदा उघडावा. तो मोठ्या बंदरांसाठी नव्हता, इतर नगरपालिकांसाठी होता. तरी बंदरांतल्या भांडणांचे शहाणपण त्यात उतरले आहे, असे आमचे वाचन आहे.

त्यातले एक कलम बघा. भाडे अंतराच्या आणि वेळेच्या, दोन्ही हिशेबांनी ठरवता येईल. आणि गाडी वेळेच्या हिशेबाने घेतली असेल तर ती कमीत कमी किती वेगाने हाकायची तेही ठरवता येईल. हे शेवटचे उगाच आलेले नाही. केवळ अंतरावर भाडे ठेवले की गाडीवान जवळचे गिऱ्हाईक टाळतो, कारण परतीचा रिकामा फेरा त्याच्या अंगावर पडतो. तासावर ठेवले की घोडा चालतच नाही. दाणा वाचतो आणि भाडे वाढते. म्हणून तासाला वेगाची अट.

दुसरे कलम तबेल्याचे. गाडी, जनावर आणि साज जिथे ठेवतात ती जागा तपासण्याची मुभा त्यात आहे. नाक्यावर उभा असलेला घोडा साजात असतो. पट्ट्याखालचा चट्टा, चिघळलेली जखम तिथे दिसत नाही. साज उतरतो तबेल्यात. तपासनीस तिथे गेला तरच काही हाती लागते.

शिवाय गाडीचा परवाना वेगळा, हाकणाऱ्याचा वेगळा. गाडी एकाची, लगाम दुसऱ्याच्या हातात. एकच परवाना ठेवला की दंड दर वेळी लगामवाल्याच्या डोक्यावर, आणि लंगडा घोडा जुंपायला देणारा मोकळा. दरपत्रक इंग्रजीत आणि ठरवून दिलेल्या दुसऱ्या भाषेत छापून गाडीच्या आत लावायचे, हेही त्यात होते. आजचे क्यूआर कोडचे टॅरिफ कार्ड त्याच वंशातले.

आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते भाड्याच्या तंट्याचे कलम. दोघांपैकी कुणीही मॅजिस्ट्रेटकडे जावे. कोर्ट चालू असेल तर प्रवाशाने गाडीवानाला सांगावे, याच गाडीतून मला तिथे ने. मॅजिस्ट्रेट भाड्याचा निकाल देई, शिवाय ज्याचा वेळ फुकट गेला त्याला भरपाईही देऊ शके. ही भरपाई गाडीवानालाही मिळू शकत होती, हे विसरू नये.

(१८७४ मध्ये मुंबईत घोड्यांच्या ट्राम आल्या, कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे. रूळ ठरलेले, भाडे आधी तीन आणे, मग दोन. भांडायला जागाच उरली नाही. भाड्याच्या गाडीला ती सोय नाही, म्हणून एवढी कलमे लागतात.)

आता आजचे. मीटर आला तेव्हा घड्याळ दोघांच्या मध्ये बसले. आकडा प्रवाशालाही दिसे, चालकालाही. अ‍ॅपने ते पुन्हा तिसऱ्याच्या खिशात घातले. केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचना मूळ भाड्याच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत चढउतार मान्य करतात. चालेल, पण त्या क्षणी किती पट लागली आणि का, हे मागच्या सीटवर आणि पुढच्या सीटवर एकच दिसते का?

म्हणून आमची मागणी अशी. फेरी संपताच किलोमीटर, मिनिटे, लागलेली पट, प्रवाशाने दिलेले पैसे आणि चालकाच्या हाती येणारे पैसे हे पाचही आकडे दोघांच्या फोनवर सारखेच उमटावेत. चालकाचे खाते बंद करण्याआधी कंपनीच्या परवान्याची चौकशी व्हावी. आजचा तबेला म्हणजे कंपनी, तपासायचा तो हाच. आणि भाड्याच्या तक्रारीचा निकाल ‘तिकीट क्रमांक अमुक’ असल्या उत्तरावर न सोडता, ठरलेल्या मुदतीत निकाल देणारा आणि वाया गेलेल्या वेळेची भरपाई दोन्ही बाजूंना देऊ शकणारा अधिकारी प्रत्येक आरटीओत नेमावा.

गाडीत राहिलेल्या वस्तू जमा करण्याचीही तरतूद १८७९ च्या त्या कायद्यात होती, आणि वस्तू परत नेणाऱ्याने शुल्क भरायचे होते. छत्री परत करायला फेरा मारणाऱ्या चालकाला आज तेवढेही मिळत नाही. नियमांत हे एक वाक्य घालायला खर्च काहीच नाही.

आपले,
भाड्याच्या वाहनांच्या कायद्यांचे काही अभ्यासक