रुमालाने ही धूळ अडत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कामगार दिनाच्या अंकात आपण पहिल्या पानावर दगड कापणाऱ्या एका कामगाराचा मोठा फोटो छापला. तिरपा उजेड, त्यात तरंगणारी पांढरी भुकटी, तोंडाला बांधलेला रुमाल आणि खाली कष्टाचा गौरव करणाऱ्या दोन ओळी. फोटो सुंदर आहे, आपला हेतूही चांगला आहे. पण माझी नजर त्या रुमालावर अडली ती अडलीच. म्हणून हे पत्र.

मी बावीस वर्षे कामाच्या ठिकाणची हवा तपासली. कामगाराच्या कमरेला तळहाताएवढा पंप बांधायचा, त्याची नळी पाठीवरून खांद्यावर आणायची आणि नाकाजवळ, कॉलरला एक छोटी डबी अडकवायची. डबीत गाळणीचा गोल कागद. आधी हवा गरगर फिरवून जाड धूळ बाजूला पाडली जाते. कागदावर पोचते ती फक्त फुप्फुसाच्या तळापर्यंत जाऊ शकणारी धूळ. ढोबळ हिशेबाने चार-पाच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा.

एका फरशी कापण्याच्या शेडमध्ये मी पाळी संपल्यावर डबी उघडली, तेव्हा मुकादम शेजारी उभा होता. कागद जवळजवळ पांढराच. तो म्हणाला, "साहेब, काहीच नाही की! उगाच दिवस घालवलात." त्याचे बोलणे प्रामाणिक होते. आठ तासांत तो पंप सुमारे एक घनमीटर हवा ओढतो. स्फटिक सिलिकासाठी, म्हणजे गारगोटीच्या धुळीसाठी, अमेरिकेने २०१६ मध्ये घालून दिलेली मर्यादा आहे घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम. मिठाचा एक दाणा साधारण तेवढ्याच वजनाचा असतो. तो दाणा दळून कागदभर पसरला तर डोळ्याला काय दिसणार? त्या कोऱ्या दिसणाऱ्या कागदाचा अहवाल आला तेव्हा प्रमाण या मर्यादेच्या कितीतरी पट होते.

हीच मर्यादा तिथल्याच संशोधन संस्थेने १९७४ मध्ये सुचवली होती. शिफारस आणि नियम यांच्यात ४२ वर्षे गेली. तेवढ्या काळात एक माणूस कामाला लागून निवृत्तही होतो, जगला-वाचला तर.

फोटोतला तो पांढरा ढग काही वेळात खाली बसतो. त्यातले एक-दोन मायक्रॉनचे कण मात्र बंद जागेत तासन्‌तास तरंगत राहतात. जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद असते, हवा स्वच्छ दिसते, माणसे रुमाल सोडून तिथेच बसतात आणि तेच कण आत घेतात. फुप्फुसातल्या रक्षक पेशी हा कण गिळतात, पण तो पचत नाही. पेशीच मरते, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळायला येते. या झटापटीत मऊ फुप्फुसावर कडक गाठी पडत जातात. हा सिलिकोसिस. गाठी पडल्या की त्या विरघळवणारे औषध नाही आणि काम सोडल्यावरही आजार पुढे सरकू शकतो. शिवाय क्षयाचा धोका वाढतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण म्हणून या धुळीची नोंद आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच केली आहे.

माझ्या पंपांपैकी एक पंप दिवसभर वागवलेला एक कटरवाला मला काही वर्षांनी दवाखान्याच्या जिन्यात भेटला. वय चाळिशीच्या आतले. चार पायऱ्या चढून तो कठड्याला टेकला, बोट वर करून मला थांबायची खूण केली आणि धाप ओसरेपर्यंत बोलू शकला नाही. आधी त्याच्यावर क्षय समजून उपचार झाले होते. काम काय करता, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. रामाझिनी या इटालियन वैद्याने रोग्याला त्याचा व्यवसाय विचारा, असे १७०० सालीच लिहून ठेवले आहे. डॉक्टर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, केसपेपरवर हा एक प्रश्न असू द्या.

त्या कटरवाल्याची बायको मला म्हणाली, "यांचे कपडे मीच झटकत होते, दारात." मी काय उत्तर देणार होतो?

रुमालाची वीण या कणांपुढे जाळ्यासारखी आहे. चांगला मास्कही चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी. दाढी वाढलेली असली तरी फट राहते. आणि मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. पहिला उपाय पाणी. पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ हवेत उडण्याआधीच चिखल होऊन खाली पडते. हे नवे ज्ञान नाही. १९३०-३१ मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातला हॉक्स नेस्ट बोगदा खणताना गारगोटीच्या खडकात कोरडीच छिद्रे पाडली, कारण काम लवकर उरकायचे होते. शेकडो कामगार दगावले. ओले छिद्रण तेव्हाही माहीत होते.

पाणी सोडता येत नसेल तिथे पात्यापाशीच धूळ ओढून घेणारे यंत्र हवे. कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा मारून कपडे साफ करणे तर आजच बंद व्हावे. खाली बसलेली धूळ त्याने पुन्हा नाकाशी येते. ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडात सिलिका ९० टक्क्यांच्या वर असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली.

आपल्या छायाचित्रकाराकडे त्या फोटोतल्या कामगाराचा ठावठिकाणा असेल. त्याच्या छातीचा एक्स-रे आणि श्वासाची फुंकर-चाचणी करून घ्यायला हवी आणि डॉक्टरांना त्याचे काम नीट सांगायला हवे. त्याची तयारी असेल तर मी स्वतः त्याच्यासोबत जाईन. पंप अजून माझ्याकडे आहे, तोही घेऊन येतो.

आपला,
एक निवृत्त धूळमापन तंत्रज्ञ