सोनौली बॉर्डरवर यात्रेकरूंसाठी मंडप टाकतोय, हातभार लावा

जय भीम, नमो बुद्धाय मंडळी

लुंबिनीला जाऊन आलेल्यांना सोनौली, म्हणजे उत्तर प्रदेशातून नेपाळात जायचा बॉर्डर, काय ते सांगायला नको. गोरखपूरवरून बस निघते, नौतनवा मागं पडतं आणि मग ट्रकांची जी लाईन लागते ती संपतच नाही, पलीकडं बेलहिया दिसतंय, नेपाळ हाकेवर आहे, पण गाडीचा भन्सार (म्हणजे तिकडची कस्टमची पावती) होईपर्यंत उतरून उभं राहायचं. डिसेंबर-जानेवारीत तराईतलं धुकं असं की समोरची बस दिसत नाही. मागच्या यात्रेत आमच्या गाडीतल्या म्हाताऱ्या बाया चार तास रस्त्याकडेला पिशव्यांवर बसून होत्या, बाथरूमला कुठं जायचं तेही कळेना. तेव्हाच मंडळानं ठरवलं.

या थंडीत आपल्या बाजूला दोन महिने मंडप टाकायचा. बसायला सतरंज्या, ब्लँकेटं, गरम पाणी, चहा आणि बायांसाठी भाड्यानं घेतलेलं स्वच्छ टॉयलेट, हे सगळ्यात आधी. शिवाय मराठीत एक पत्रक छापायचंय. व्हिसा लागत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण मतदार कार्ड किंवा पासपोर्ट जवळ ठेवा, नुसत्या आधारवर विसंबू नका, हे कोणी सांगत नाही. आणि तिकडचं घड्याळ १५ मिनिटं पुढं असतं, त्यावरून दरवर्षी बस सुटण्याची भांडणं होतात!

पत्रकात लुंबिनीतल्या अशोकस्तंभावरचा लेखही मराठीत देणार. लोक खांबासमोर फोटो काढतात आणि निघतात, वर काय कोरलंय ते कोण सांगणार? राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा अशोक स्वतः इथं आला, 'हिद बुधे जाते साक्यमुनी', इथं शाक्यमुनी बुद्ध जन्मले, म्हणून लुंबिनी गावाचा बली कर माफ केला आणि उत्पन्नाचा फक्त आठवा हिस्सा ठेवला. ब्राह्मीतला हा लेख १८९६ ला उजेडात आला. पिपरहवाचाही रस्ता देणार, ते तर आपल्याच बाजूला, सिद्धार्थनगर जिल्ह्यात आहे, १८९८ ला तिथल्या स्तूपात बुद्धांचा मानला जाणारा अस्थिकलश सापडला, त्यातली रत्नं २०२५ ला हाँगकाँगला लिलावात जाता जाता वाचली आणि भारतात परत आली. एवढं असून अर्ध्या बसा तिथं थांबतच नाहीत.

पैसे जमतील तेवढे द्या, शंभर दिले तरी पावती मिळेल. नवी किंवा धुतलेली ब्लँकेटं चालतील, फाटकी कृपया आणू नका, मागच्या वेळी तीच निवडण्यात दोन दिवस गेले. सगळं विहारात संध्याकाळच्या वंदनेनंतर घेतलं जाईल आणि हिशोब तिथंच फळ्यावर लागेल. आठ-दहा दिवस मंडपात राहू शकणारी पोरं-पोरी हवीत, हिंदी येत असलं तर उत्तमच, भोजपुरी आली तर आमचं नशीब. नावं पौर्णिमेच्या आत सांगा, रेल्वेचं रिझर्वेशन करायचंय.